शेततळ्याच्या तळाला उगवलंय ते शेवाळ का झाड? (आटपाडी)

मु_पो_आटपाडी
राम राम मंडळी. डाळिंबासाठी शेततळं केलंय, प्लास्टिक कागद अंथरलेलं. टेंभू योजनेचं पाणी आलं की भरून घेतो, मधनं बोअरचंबी सोडतो. यंदा पाणी एकदम नितळ हाय, तळ दिसतोय, पण तळाला सगळीकडं हिरवागार झाडोरा उगवलाय, गुडघ्याएवढा असंल. दांडा हाय, दांड्याला ठराविक अंतरावर गोल फिरून बारक्या फांद्या हायेत पण पानं म्हणावीत तशी न्हाईत, उपटलं तर मुळंबी धड न्हाईत, नुसते पांढरे दोरे. हाताला खरखरीत लागतं, वाळलं की चुरा होतो, आणि वास असला मारतंय की बास, सडक्या लसणाचा. दुकानदार म्हणतो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, दोन दिसात साफ. शेजारचे अण्णा म्हणतात ही पाणवनस्पती, तणनाशक मारा. मला आधी हे काय हाय ते कळू दे. तळ्यात घरच्यापुरते मासे पण सोडलेत. कुणाला म्हाईत असंल तर सांगा.

बागायतदार_तासगाव
भाऊ आमच्याकडं द्राक्षाच्या तळ्यात शेवाळ झालं की पहिला त्रास फिल्टरला. सँड फिल्टर सारखा बॅकवॉश करावा लागतो आणि एवढं करून लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) छिद्रं बुजतातच. शेवाळ म्हणजे शेवाळ, त्याचा काय अभ्यास करायचा, मी दरवर्षी मोरचूद कापडात बांधून पाण्यात फिरवतो. पण तुम्ही म्हणताय तसं दांडा आणि फांद्या असलेलं आमच्याकडं नाही बघितलं. आमचं हिरवं, बुळबुळीत, हातात घेतलं की निसटतं. फोटो टाका.

सूक्ष्मदर्शी
आटपाडीकर दादा, इतकं नेमकं वर्णन केलंय तुम्ही की फोटोशिवाय सांगता येतंय, तरी फोटो टाकाच. हे कारा आहे. मी सांगली भागात बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी पोरांना पहिल्यांदा कारा दाखवला की सगळी हेच म्हणायची, मॅडम हे झाड आहे, शेवाळ कसं असेल?

तर हे शेवाळच आहे, गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ. फक्त अंगाची ठेवण झाडासारखी. तुम्हाला दांडा दिसतोय त्यात खोडाच्या आत असतात तशा पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत. फांद्यांची जी गोल वेटोळी दिसतात ती पानं नव्हेत. खाली पांढरे दोरे आहेत ते मुळं नव्हेत, ते गाळात रुतून फक्त धरून ठेवतात आणि थोडंफार शोषून घेतात. फूल नाही, बी नाही. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट, वेटोळ्यांच्या दोन जागांमधलं जे पेर आहे, त्याच्या गाभ्यात फक्त एक पेशी असते. एकच. काही सेंटीमीटर लांब. कारामध्ये तिच्याभोवती बारक्या पेशींचं आवरण असतं म्हणून पटकन कळत नाही, पण याचाच भाऊ नायटेला असतो त्याला आवरण नसतं, तिथे नुसत्या डोळ्यांनी एक पेशी दिसते आणि ती १० सेंटीमीटरच्या पुढेही जाऊ शकते. आपल्या अंगातल्या पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, इथं पट्टी घेऊन मोजता येते!

खरखरीतपणा चुन्याचा आहे. तुमच्या भागातली जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी क्षाराचं. कारा सूर्यप्रकाशात अन्न तयार करताना पाण्यातलं बायकार्बोनेट वापरतो आणि त्यात त्याच्या अंगावर कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. खात्री करायची तर एक वाळलेली काडी घ्या आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुना. वासाचं म्हणाल तर तो गंधकाच्या संयुगांचा, तो काराची ओळखच आहे.

आणि कृपा करून लगेच काही टाकू नका पाण्यात. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

मु_पो_आटपाडी
मॅडम लिंबू पिळलं. फसफसलं की ओ! पोरगं तर तिथंच बसलंय सगळ्या काड्यांवर पिळत. फोटो टाकलाय बघा. दांड्यावर बारीक नारिंगी ठिपके दिसत्यात, ते काय किडीची अंडी हायेत का?

सूक्ष्मदर्शी
नाही नाही, कीड नाही, ते नारिंगी गोळे म्हणजे काराचे नर अवयव. त्यांच्यात पोहणाऱ्या पुंपेशी तयार होतात, प्रत्येकीला दोन शेपट्या. प्रत्येक नारिंगी गोळ्याच्या लगेच वर नीट बघा, एक लांबुळका दाणा दिसेल, त्याच्यावर स्क्रूसारखे पीळ असतात आणि टोकाला पाच पेशींचा छोटा मुकुट. तो मादी अवयव. भिंग असेल घरात तर पोराला द्या. नायटेलात हे उलट असतं, नर वर आणि मादी खाली, शिवाय मुकुट दहा पेशींचा. कॉलेजात ओळखायला आम्ही हेच सांगायचो.

फलन झालं की त्या दाण्याचं कडक कवच बनतं आणि तो गाळात पडून राहतो. तळं सुकलं तरी मरत नाही, पुन्हा पाणी आलं की उगवतो. तुमच्या प्लास्टिकच्या तळ्यात हा आला कसा हे कोणी विचारायच्या आत सांगते, बदकांच्या पोटातून आणि पायाच्या चिखलातून हे दाणे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात, कालव्याच्या पाण्याबरोबर येतात, मत्स्यबीजाच्या पिशवीतूनही येतात. कागदावर थोडा गाळ साठला की याला पुरतं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
मॅडम प्रणाम. आम्हाला कारा आहे सिलॅबसला, ग्लोब्यूल (नर अवयव) आणि न्यूक्यूल (मादी अवयव) यांच्या आकृत्या काढून काढून हात दुखले पण जिवंत कधी बघितला नाही, स्लाइडवरच. एक प्रश्न आहे. आम्हाला असं शिकवलं की जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती काराच्या घराण्यातून आल्या. नेटवर मात्र वेगळंच वाचलं की स्पायरोगायराचं घराणं जास्त जवळचं. स्पायरोगायरा म्हणजे तर नुसता धागा, त्याला ना फांद्या ना काही. हे कसं काय?

सूक्ष्मदर्शी
फार चांगला प्रश्न. तुम्हाला शिकवलं ते चूक नव्हतं, त्या काळचा पुरावा तसाच होता. २००१ साली काही मोजक्या जनुकांवरून जो अभ्यास आला त्यात कारा आणि त्याचं कुळ झाडांच्या सगळ्यात जवळ दिसलं, आणि दिसायलाही ते पटायचंच, पेरं आहेत, वेटोळी आहेत, मादी पेशीला आवरण आहे. पुढे शेकड्यांनी जनुकं एकदम तुलनेला घेता यायला लागली, २०१४ च्या मोठ्या अभ्यासात चित्र बदललं आणि आता बहुतेक अभ्यासक मानतात की झाडांची सगळ्यात जवळची भावकी म्हणजे स्पायरोगायराचा गट. म्हणजे तासगावकरांच्या फिल्टरमध्ये जे बुळबुळीत अडकतं ना, त्यात बऱ्याचदा स्पायरोगायरा असतो, तो आपल्या डाळिंबाचा आणि द्राक्षाचा काराहून जवळचा नातेवाईक.

याचा अर्थ कारा लांबचा झाला असं नाही. पेशी दुभागताना मध्ये नवी भिंत ज्या पद्धतीनं बांधली जाते ती कारामध्ये झाडांसारखीच आहे, आणि २०१८ मध्ये कारा ब्रॉनी या जातीचा सगळा जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकसंच, वाचला गेला त्यात आधी फक्त झाडांची मानली जाणारी बरीच यंत्रणा सापडली. पण झाडासारखा बाह्य आकार मात्र यानं स्वतःचा स्वतः कमावला. स्पायरोगायराच्या गटानं उलट केलं, त्यांनी होतं ते सोडून अंग साधं केलं, पोहणाऱ्या पुंपेशीसुद्धा टाकून दिल्या. परीक्षेत लिहिताना दोन्ही लिहा, कुठल्या पुराव्यावरून कुठलं मत आलं ते लिहा.

कऱ्हाडचा_दगडप्रेमी
मधेच घुसतो, पण राहवत नाही. मला खडकांचा नाद आहे. त्या पीळ असलेल्या दाण्यांचे जीवाश्म होतात, चुन्याचं कवच असल्यामुळं ते फार छान टिकतात. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचे थर म्हणजे एकावर एक पसरलेला लाव्हा, पण दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जिथं तळी साचली तिथला गाळही दगड होऊन राहिलाय. नागपूरजवळच्या टाकळीला अशा थरात काराच्या घराण्याचे दाणे सापडलेत. म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, एकीकडं लाव्हा वाहतोय, डायनासोर संपत आलेत, आणि मधल्या तळ्यांमध्ये हे मजेत उगवतंय. स्कॉटलंडमध्ये रायनी म्हणून गाव आहे तिथल्या दगडात तर ४० कोटी वर्षांच्याही पलीकडचा नायटेलासारखा जीव सापडलाय. आटपाडीकर भाऊ, तुमच्या तळ्यात लय जुनं खानदान उतरलंय.

बागायतदार_तासगाव
हे सगळं ऐकायला भारी वाटतंय, खरंच, पण शेतकऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. माझं तळं कोटीभर वर्षांसाठी नाहीये, मला छाटणीनंतर वेळेवर पाणी पाहिजे. एक ड्रिपलाइन चोक झाली की त्या रांगेचे घड गेले. मॅडम, मोरचूद का नको ते सांगा. आम्ही बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) तर वर्षानुवर्षं मारतोय डाऊनी रोगासाठी.

सूक्ष्मदर्शी
तासगावकर दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि तुमच्या तळ्यातलं आणि यांच्या तळ्यातलं एक नाही इथूनच सुरुवात करते. तुमचं धाग्याचं शेवाळ तरंगतं, पंपाच्या तोंडाशी येतं. कारा तळाला रुतून असतो. तो तुटला नाही तर फिल्टरपर्यंत येतच नाही. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं तोंड, तळाला टेकलेला असेल तरच तो ओढला जातो, म्हणून फूटव्हॉल्व्ह रिकाम्या कॅनला बांधून पाण्याच्या वरच्या थरात तरंगता ठेवा, निम्मा त्रास तिथंच संपतो. चुन्याचा चुरा थोडा येईल, पण क्षाराच्या पाण्याला तुम्ही लॅटरलना ॲसिड ट्रीटमेंट देताच, त्यात तो विरघळतो.

आता मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. पाणी जितकं क्षाराचं तितकं तांबं लवकर निकामी होऊन तळाला बसतं. मग गुण येत नाही म्हणून माणूस मात्रा वाढवतो. तांबं कुजत नाही, उडून जात नाही, तळाच्या गाळात साठत राहतं आणि तो गाळ उद्या उपसून तुम्ही शेतातच टाकणार. द्राक्षाच्या जमिनीत बोर्डोचं तांबं आधीच पडतंय, त्यात ही भर. माशांना तांबं विषारी आहेच. आणि समजा गुण आला, एवढा सगळा कारा एकदम मेला, तर तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

पण याहून महत्त्वाचं मला वाटतं ते असं की आटपाडीकरांचं पाणी नितळ का आहे याचा विचार कुणी केला का? पाणी नितळ होतं म्हणून कारा आला हे खरंच, पण कारा आल्यावर पाणी नितळ तो ठेवतोय. तळाचा गाळ धरून ठेवतो, उठू देत नाही. पाण्यातली खतं स्वतःत घेतो. चुन्याच्या थराबरोबर थोडा फॉस्फरससुद्धा खाली बसतो. हा मारला की ती सगळी खतं मोकळी, आणि त्यावर मग पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ माजतं, पाणी हिरवं गढूळ होतं, ते फिल्टरला खरं घातक. त्यात निळं-हिरवं शेवाळ आलं तर काही जाती विष सोडतात, जनावरांना पाजायचं पाणी असेल तर धोका. उगवू द्या म्हणत नाही मी सगळ्यांना, पण ज्याच्या तळ्यात हा आहे त्यानं तो मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हॉलंडमध्ये व्हेलुवेमेर नावाचं मोठं उथळ तळं आहे. तिथं खतांचं आणि सांडपाण्याचं पाणी येऊन १९६० नंतर कारा नाहीसा झाला, पाणी कित्येक वर्षं गढूळ हिरवं राहिलं. १९७९ पासून त्यांनी येणारा फॉस्फरस कमी केला, पुढे तळ ढवळणारे मासे काढले, आणि १९९० च्या दशकात काराची कुरणं परत पसरली तसं पाणी परत नितळ झालं. काराची पैदास परत यावी म्हणून तिकडे सरकार पैसे खर्चतं आणि आपण दुकानातून आणून मारतोय.

मु_पो_आटपाडी
मॅडम असं कुणी सांगतच न्हाई ओ आमाला. दुकानात गेलं की पुडा हातात. तणनाशकाचं काय मग? अण्णा अजून त्याच्यावरच अडून बसल्यात.

सूक्ष्मदर्शी
अण्णांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं अजिबात नको. ग्लायफोसेट हे नेहमीचं तणनाशक पाण्याखालच्या झाडोऱ्यावर चालतच नाही. आणि दुसरं कुठलं टाकलंत तर तेच पाणी ठिबकमधून डाळिंबाच्या मुळाशी जाणार. ज्या पाण्यावर बाग जगवायची त्यात तणनाशक कशाला?

मत्स्यमित्र_वारणाकाठ
मासे म्हणालात म्हणून लिहितो. कुठले सोडलेत? रोहू, कटला, मृगळ असतील तर ते काराला फारसं हात लावत नाहीत. गवत्या म्हणजे ग्रास कार्प असेल तर तो हे आवडीनं खातो. कारा फारच वाढून पाणी कमी धरतंय असं वाटलं तर मोजके गवत्या सोडा, औषधापेक्षा बरं. पण हावरेपणा नको. जास्त सोडले तर तळ पार साफ करतात, सगळं पचवून विष्ठेतून खत परत पाण्यात टाकतात आणि पाणी हिरवं होतं, मी हे बऱ्याच तळ्यांत बघितलंय. आणि मॅडम म्हणतात ते ऑक्सिजनचं शंभर टक्के खरं. शेवाळ एकदम मारलं की पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात, सूर्य उगवेस्तोवर निम्मे पालथे. ज्यांनी एकदा बघितलंय ते पुन्हा मोरचूद टाकत नाहीत.

शेणखत टाकायचं असेल माशांसाठी तर काराच्या तळ्यात टाकू नका. दोन्ही एकत्र नाही चालत.

कासवाट
सातारकर हजर. मी पावसाळ्यात कासच्या बाजूला फिरतो. सप्टेंबरात सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) डबक्यांमध्ये एक मऊ, पोपटी, केसाळ झुबका दिसतो पाण्याखाली, कारासारखीच वेटोळी पण अजिबात खरखरीत नाही आणि वासपण नाही. फांद्यांना टोकाला दोन दोन फाटे. हाच का नायटेला? शेजारीच वायतुरा फुललेला असतो, त्यामुळं आधी मला वाटलं त्याचीच पिल्लं असतील.

सूक्ष्मदर्शी
फाटे फुटलेत, मऊ आहे, वास नाही, म्हणजे नायटेला असण्याची शक्यता खूप. सड्यावरचं पाणी पावसाचं, त्यात चुना जवळजवळ नसतो, त्यामुळं अंगावर थरही बसत नाही. वायतुरा मात्र खरीखुरी फुलझाडाची जात. साताऱ्याच्या सड्यांवरची ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस ही जात शास्त्राला १९८२ मध्ये नव्यानं कळली, ती जगात आपल्याच सह्याद्रीच्या पट्ट्यात. एकाच डबक्यात एक फुलझाड आणि एक शेवाळ शेजारी शेजारी, दोघांचं रूप पाणवनस्पतीचं. डबकी डिसेंबरपर्यंत कोरडी पडतात, वायतुरा जमिनीत कंद ठेवतो, नायटेला कवचातला दाणा.

फक्त एक विनंती, कासवरून उचलून काही आणू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि तसं नसतं तरी त्या डबक्यांमध्ये पाय घालून चालणंच मुळात वाईट. फोटो घ्या.

कासवाट
नाही मॅडम, कडेला बसूनच काढतो फोटो. शनिवार रविवारी लोक बूट घालून डबक्यातनं चालतात तेव्हा जीव तुटतो. त्यांना वाटतं चिखलच तर आहे.

इस्लामपूरचे_गुरुजी
मी शाळेत विज्ञान शिकवतो, आठवी ते दहावी. आमच्याकडं एकच चांगला मायक्रोस्कोप आहे. पेशी म्हटलं की कांद्याची साल, तेही मुलांना कंटाळा आलाय. मॅडम, या कारात मुलांना दाखवण्यासारखं जिवंत काय आहे? आटपाडीकर दादा, थोडा मिळेल का?

सूक्ष्मदर्शी
गुरुजी, दाखवण्यासारखं?! पेशीच्या आतला रस धावताना दिसतो. १७७४ मध्ये बोनाव्हेन्तुरा कोर्ती या इटालियन संशोधकानं हे पहिल्यांदा कारामध्ये पाहून लिहिलं, तोपर्यंत पेशीच्या आत काही हलतं हे कुणी नोंदवलं नव्हतं. पेशीच्या एका बाजूनं रस वर जातो, टोकाला वळतो, दुसऱ्या बाजूनं खाली येतो, सारखा. वेग सेकंदाला ५० ते १०० मायक्रोमीटरच्या आसपास, सजीवांमधल्या अशा हालचालीत हा फार मोठा वेग आहे. आपले स्नायू ज्या ॲक्टिन आणि मायोसिन प्रथिनांवर आकुंचन पावतात त्याच जोडीवर हा रस धावतो, दहावीच्या मुलांना हे सांगाच.

नायटेला मिळाला तर उत्तम, चुना आणि आवरण नसल्यामुळं आरपार दिसतं. कारा असेल तर अगदी टोकाचे कोवळे तुकडे घ्या, तिथल्या शेवटच्या पेशींना आवरण नसतं. ज्या तळ्यातून आणलं त्याच पाण्यात ठेवा, नळाचं क्लोरीनचं नको. स्लाइडवर काच ठेवताना दाबू नका, कडेला कापसाचा धागा ठेवून काच थोडी उंच करा. कमी वर्धनावरच बघा, लहान लेन्सवर चांगलं दिसतं. मग मुलांना टाचणीनं पेशीला हलकं टोचायला, म्हणजे टोचायला नव्हे, टेकवायला सांगा. रस क्षणात थांबतो! थोड्या वेळानं हळूहळू परत चालू होतो. त्या स्पर्शानं पेशीत विजेचा झटका धावलेला असतो, आपल्या नसांमधून जातो त्याच जातीचा, फक्त खूप सावकाश. नसा कशा चालतात हे शोधताना कोल आणि कर्टिस या अमेरिकन संशोधकांनी १९३८ मध्ये आधी नायटेलावर मापं घेतली आणि पुढच्या वर्षी स्क्विड नावाच्या समुद्री जीवाच्या जाड नसेवर. एवढी मोठी पेशी की तिच्यात इलेक्ट्रोड घालता येतो, म्हणून.

मी हे पहिल्यांदा विद्यार्थी असताना पाहिलं आणि त्या दिवशी ठरवलं की हाच विषय घ्यायचा.

मु_पो_आटपाडी
गुरुजी पाहिजे तेवढा न्या, बरणी घेऊन या न्हाईतर मी एसटीनं कुणाबरोबर धाडतो. पण वास येईल हं बरणीला.

इस्लामपूरचे_गुरुजी
वासाचं बघून घेऊ. रविवारी येतो. झाकण सैल ठेवतो, पाणी अर्धंच भरतो, बरोबर ना मॅडम?

सूक्ष्मदर्शी
बरोबर. उन्हात गाडीत ठेवू नका. वर्गात एका काचेच्या बरणीत तळाला तळ्यातलाच गाळ घालून खिडकीत ठेवलात तर महिनोन्‌महिने जगतो, खत वगैरे काही नको. अजून एक, मुलांना सांगण्यासारखं. बेंजामिन पियरी पाल हे नाव शेतीवाल्यांना माहीत असेल, गव्हाच्या तांबेऱ्याशी लढणाऱ्या जाती काढणारे, १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्यांचं तरुणपणीचं काम काय होतं? ब्रह्मदेशातल्या काराच्या घराण्यावर, १९३२ साली छापलेलं. तळ्याच्या काठावर वाकून काड्या उचलणाऱ्याला देशाचा गहू पुढे नेता येतो.

वाई_आजोळ
आमच्याकडं गावात म्हणतात असलं शेवाळ असलं की डास होत नाहीत. खरं का?

सूक्ष्मदर्शी
असं लिहिणारे शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत, पण पुरावा एकसारखा नाही, काही ठिकाणी डासांच्या अळ्या काराच्या पाण्यातही मिळाल्यात. भरवसा ठेवू नका. गप्पी मासे सोडा.

पाटणचा_भातवाला
धागा पहिल्यापासून वाचला. मॅडम, आमची अडचण उलटी आहे. पाटण भागात भात लावण झाली की खाचरात पाणी उभं राहतं आणि तळाला हाच वासाचा झाडोरा येतो, सडसडीत, रोपांच्या मध्ये गच्च. रोपं पिवळी दिसतात, फुटवे कमी. मग आता हा चांगला म्हणून ठेवायचा का काढायचा? इथं सगळे त्याचं कौतुक करतायत म्हणून विचारतोय.

सूक्ष्मदर्शी
काढायचा. खाचरात हा तण आहे, बिनदिक्कत काढा. लावणीनंतरच्या कोवळ्या रोपांना जे खत टाकता त्यात तो वाटेकरी होतो आणि फुटव्याच्या जागेत गर्दी करतो. मोरचूदाची इथंही गरज नाही. पाऊस उघडीप देईल तेव्हा बांध फोडून पाणी काढा आणि चिखलाला बारीक भेगा पडायला लागेपर्यंत खाचर उघडं ठेवा. कारा पाण्याबाहेर जगत नाही, उन्हात दोन तीन दिवसात पांढरा पडून सपाट होतो. त्या वेळी युरिया द्यायचा असेल तर पाणी परत घेण्याआधी द्या. फुटवे फुटायच्या काळात अशी उघडीप भाताला तशीही मानवते, फक्त पोटरीत आल्यावर पाणी तोडू नका.

वाळलेला उचलून बांधावर टाकू नका, तिथंच चिखलात जाऊ दे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या भातशेतीत अभ्यास झालाय, काराच्या अंगावर चिकटून राहणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरतं आणि तिथल्या खाचरात नत्र धरण्याचं बरंचसं काम त्यांच्याकडूनच होत होतं. ते तुमच्या जमिनीतच राहायला हवं. कवचातले दाणे गाळात राहणारच, पुढच्या वर्षी पुन्हा दिसेल. तेव्हा तो गच्च व्हायची वाट बघू नका, लावणीनंतर पंधरवड्यात एकदा पाणी तोडून बघा.

पाटणचा_भातवाला
आमची खाचरं उतरणीची आहेत, वरच्याचं पाणी खालच्यात येतं. वरच्यानं बांध फोडला की खालच्याच्या खाचरात हाच सगळा वाहून येणार.

सूक्ष्मदर्शी
मग खालच्या खाचरापासून सुरू करा. खालच्यानं आधी पाणी सोडून सुकवायचं, मग त्याच्या वरच्यानं, असं वर चढत जा. पाणी सोडायच्या तोंडाला जुनं शेडनेट किंवा मच्छरदाणीचा तुकडा काटक्यांना बांधून लावा, तुटलेले तुकडे तिथंच अडकतील. भावकीत सगळ्यांनी मिळून वार ठरवलात तरच जमेल हे.

पाटणचा_भातवाला
ठीक. चुलत्यांशी बोलतो, सगळ्यात खालचं खाचर त्यांचंच आहे.